भूक लागली, असं ती म्हणाली तेव्हा

त्या एप्रिलमध्ये माझी मुलगी पाणी फार प्यायला लागली. ती अकरा वर्षांची, शाळेला सुट्टी लागलेली आणि जयगडचा उकाडा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग ती लघवीसाठी सारखी उठायला लागली. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागले. जेवत तर माझ्यापेक्षा जास्त होती, तरी गालांची हाडं वर आली.

"उंची काढतेय," मी नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो जहाजावर असतो, घरी येतो सहा-सात महिन्यांनी. सासूबाईंनी मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. मी माझा उपाय केला. अंगात ताकद यावी म्हणून कोकम सरबतात साखर वाढवली, आमरसातही दोन चमचे जास्त. ती पेला रिकामा करून पुन्हा पुढे करायची, आणि मला बरं वाटायचं.

एका दुपारी तिला दोन उलट्या झाल्या आणि ती पडवीत आडवी झाली. डोळे मिटलेले, पण छाती धावून आल्यासारखी वरखाली होत होती. तेवढ्यात शेजारचे चाचा कोलंबी द्यायला आले. वीस वर्षं आखातात काढून परतलेला माणूस, स्वतःला डायबेटिस, रोज सकाळी बोट टोचून साखर बघणारा. तिला बघून ते दारातच थांबले.

"किती दिवस झाले असं?"

"उलट्या आजच. पण महिनाभर नुसतं पाणी पाणी करतेय."

ते तसेच घरी गेले आणि आपलं मशीन घेऊन आले. तिच्या बोटाचा थेंब पट्टीवर घेतला. आकडा आलाच नाही, फक्त दोन इंग्रजी अक्षरं आली.

"बिघडलंय का मशीन?" मी विचारलं.

"नाही, वहिनी. त्याला मोजता येईल त्याच्या वर गेलीय साखर. मी गाडी काढतो. तिला आता सरबत-बिरबत काही देऊ नका."

रत्नागिरीपर्यंतचा तासाभराचा रस्ता मला आठवत नाही. आठवतो तो फक्त मांडीवरच्या तिच्या डोक्याचा भार आणि तिच्या श्वासाला येणारा वास, जास्त पिकलेल्या फळासारखा. चाचा गाडी चालवताना मोठ्याने बोलत राहिले, कशाबद्दल कोण जाणे. मला रडू फुटू नये म्हणून असावं.

हॉस्पिटलमध्ये दोन्ही हातांना सुया लागल्या. एकीतून सलाइन, दुसरीतून इन्सुलिन. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. "वेळेवर आणलंत," म्हणाल्या, आणि पुन्हा तिच्याकडे वळल्या. त्या शब्दांना धरून मी स्टुलावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्वास संथ झाला. अकराच्या सुमाराला तिने डोळे उघडले, छताकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आई, भूक लागली."

मी नर्सला हाक मारायला उठले आणि व्हरांड्यात भिंतीला टेकून हुंदके देऊन रडले. चाचा बाकावर बसले होते. ते घाबरून उठले. "काय झालं?" मी म्हटलं, "जेवायला मागतेय." ते पुन्हा बाकावर बसले आणि रुमालाने तोंड पुसत राहिले.

संध्याकाळी डॉक्टर बाईंनी मला नीट समजावलं. "भात, भाकरी, आंबा, आपण खातो त्यातल्या बऱ्याच गोष्टींची पोटात साखर होते. ती रक्तातून सगळीकडे फिरते. स्नायूंना, सगळ्या अवयवांना तिच्यातून ताकद मिळते. पण रक्तातून पेशींच्या आत शिरायला तिला इन्सुलिन लागतं. हिच्या शरीरात ते बनणं जवळजवळ थांबलंय. म्हणून साखर रक्तातच साचली, लघवीतून पाण्यासकट वाहून गेली, आणि पेशी उपाशी राहिल्या. मग शरीर स्वतःची चरबी जाळायला लागलं. त्यातून रक्तात आम्ल वाढलं आणि ती अशी पडली."

"म्हणजे इतकं खाऊनसुद्धा उपाशी होती?"

"हो."

मला विचारवेना, पण विचारलं. "मी तिला रोज सरबत पाजत होते. माझ्यामुळे झालं का?"

"त्यामुळे साखर आणखी चढली असेल. पण आजार त्याने झाला नाही. तिच्या शरीरानेच चुकून इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या. गोड खाऊन हा डायबेटिस होत नाही. तुमची यात चूक नाही."

दोन दिवस छातीवर ठेवलेला चिरा कोणीतरी उचलावा तसं झालं. मी ते वाक्य नवऱ्याला फोनवर सांगितलं, तेव्हा तो इंजिनाच्या आवाजापासून लांब गेला. मग तो म्हणाला, "आता परत एकदा सांग."

घरी आल्यावर सासूबाईंचा पहिला प्रश्न, "मग आता भात द्यायचा का नाय गो?" द्यायचा, पण मोजून, आणि आधी इंजेक्शन घेऊन. दिवसातून चार. पहिलं मी दिलं, डोळे मिटून. आठवड्याने तिने इन्सुलिनचं पेन माझ्याकडून काढून घेतलं. "तू डोळे मिटतेस. मला दे." पोटाची कातडी चिमटीत धरून टोचलं, दहापर्यंत मोजलं आणि ताटावर बसली. जूनपर्यंत गाल भरले. जुने फ्रॉक पुन्हा बसले, नंतर तोकडे झाले.

डिसेंबरात शाळेची सहल गुहागरला निघाली. वर्गाच्या बाई तिला न्यायला कचरत होत्या. मुलीने स्वतः वर्गात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, साखर चढली तर काय होतं, उतरली तर काय होतं, घाम येऊन हात थरथरायला लागले तर काय द्यायचं. मग मी नाही कशी म्हणणार?

त्या दिवशी दुपारी बाईंच्या नंबरवरून फोन आला.

"आई, किनाऱ्यावर खूप धावलो ना, तर साखर उतरली होती. ग्लुकोज खाल्लं, पंधरा मिनिटांनी परत बघितलं. आता बरी आहे."

"बसून राहा हं. उन्हात—"

"आई, माझी टीम थांबलीय. ठेवते."

ठेवलासुद्धा. सासूबाई विचारत होत्या, काय म्हणाली? मी म्हटलं, "काही नाही. खेळायला गेली."