मशीन एक, गाड्या दोन

पोरीचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं, म्हणून मी तिला अकोल्याहून भातकुलीला आणत होते. गाडी जावयाची, बॅटरीवरची. आदल्या रात्री त्यांच्याकडे लाईट गेलेली, त्यामुळे गाडी नीट चार्ज झालीच नव्हती. वाटेत एका ढाब्याशेजारच्या चार्जिंगवर थांबावं लागलं. जावई खाली उतरले आणि मागच्या सीटवर पोरीनं माझा हात घट्ट धरला.

"आई व, सकाळपासून बाळ हललंच नाही."

"आन् आता सांगून राहिली? त्याईले काहून नाही सांगितलं?"

"घाबरतीन ते. गाडी कशीबी चालवतीन."

आणि मी तरी कसं सांगू? आमच्यात सासू जावयाशी 'जेवले का, निघाले का' यापलीकडे बोलत नाही. त्यात बायकांचं पोटातलं तर नाहीच नाही. मी तिला पाणी पाजलं, गुळाचा खडा दिला, डाव्या कुशीवर वळवलं. पोटावर हात ठेवून बसले. काही नाही. माय व, काहीच नाही!

तेवढ्यात झेंडूनं भरलेला टेम्पो आला, तोही बॅटरीवरचा. मशीनला गाडीत खुपसायच्या दोन गन होत्या. टेम्पोवाल्यानं विचारलं, "लावू का भाऊ?" आणि आमचे जावई, देवमाणूस, म्हणाले, "लावा ना, विचारता काय!" दारात आलेल्याला नाही म्हणायची रीतच नाही ना आमच्याकडे. झालं! मशीनवरचा आमच्या गाडीचा आकडा बघता बघता निम्म्यावर आला. वीज तेवढीच असते, दुसरी गाडी लागली की मशीन ती दोघांत वाटून देतं, हे जावयांनीच मागे मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. मेलं कसलं कौतुक!

पोरीचे डोळे मिटलेले. ओठ नुसते हलत होते. मग मला राहवलं नाही. दार ढकलून उतरले आणि जन्मात पहिल्यांदा जावयावर ओरडले, "काढाले सांगा ती गन! लेकरू हलून नाही राहिलं पोटात!"

जावई दार उघडून पोरीकडे वाकले. टेम्पोवाला मात्र पळतच मशीनकडे गेला, आपलं चार्जिंग बंद केलं, गन काढली. "फुलं सुकली तं सुकू द्या, बाई. तुमी घ्या पूर्ण." आकडा परत वर चढला, तरी मला ते मशीन मुंगीच्या पावलानं चालल्यासारखं वाटलं. जावयांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. ती येईपर्यंत आपणच पोचू, असं कळलं. अमरावतीचा दवाखाना गाठण्यापुरतं भरलं आणि निघालो. रस्ताभर मी मनात सगळे देव आळवले, त्यातल्या काहींना तर शिव्याही दिल्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पोटावर यंत्र टेकवलं. एका जागी. मग दुसऱ्या. मग अजून खाली. मी पोरीच्या पायाशी भिंत धरून उभी राहिले. जावई पडद्याबाहेर, आत यायला संकोचत होते.

आणि मग आवाज आला. धडधड, धडधड, इतका भराभर की मला तो खराच वाटेना.

"ठोके आहेत," बाई म्हणाल्या, "पण थांबता येणार नाही. आत्ताच ऑपरेशन करावं लागेल."

मी पडदा सारला, जावयाचं मनगट धरलं आणि त्यांना आत ओढलं. "ऐका," म्हटलं, "आदी ऐकून घ्या."