संध्याकाळच्या गोळ्या

माझ्या पोटात माझ्या ताईची किडनी आहे. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण लोकांना तेवढंच ऐकायचं असतं. ऑपरेशनच्या वेळी आमच्या दिंडोशीच्या कॉलनीतल्या मंडळानं गणपतीची रोषणाई कमी करून मला मदत केली. दोन ट्रस्टनी चेक दिले, एकानं चेक देतानाचा फोटोही काढून घेतला. त्या सगळ्यांचे उपकार मी विसरलेलो नाही. पण टाके सुकले आणि सगळ्यांनी मिळून मला बरा झालेला माणूस ठरवून टाकलं, तिथून माझं डोकं फिरायला लागलं.

दुसऱ्याची किडनी शरीराला परकीच वाटते. ती टिकवायची तर सकाळी आठला आणि संध्याकाळी आठला गोळी घ्यायची, मरेपर्यंत. गोळी महाग. स्वस्त कंपनीची घ्यावी म्हटलं तर डॉक्टर सांगतात, मध्येच बदलू नका, बदललीत तर पुन्हा रक्ताच्या तपासण्या कराव्या लागतील. त्या तपासण्यांना पैसे कुठून आणू? मी घरोघरी जाऊन वॉशिंग मशीन दुरुस्त करतो. मला मालक नाही, त्यामुळे मालकानं काढलेला विमाही नाही. स्वतः काढायला गेलो तेव्हा एजंटनं माझी फाइल पहिल्या पानावरच मिटली आणि चहा मागवला. माझ्या शेजाऱ्याकडे चांगली पॉलिसी आहे, तिच्यातही रोजच्या गोळ्यांचा खर्च मिळत नाही. हॉस्पिटलात आडवं पडलात तर पैसे मिळतात. उभं राहायचं असेल तर तुमचं तुम्ही बघा. ट्रस्टकडे पुन्हा अर्ज केला, तर त्यांनी कळवलं की ते फक्त शस्त्रक्रियेला मदत करतात. म्हणजे किडनी बसवून द्यायला सगळे तयार, ती चालू ठेवायला कोणी नाही. असं मशीन मी गिऱ्हाइकाला बसवून दिलं असतं तर त्यानं मला पायरीवरून ढकललं असतं.

क्लिनिकच्या बाकावर मला एक दोस्त मिळाला. मुलुंडचा रिक्षावाला, माझ्याहून चार वर्षं जुना पेशंट. त्याला बायकोनं किडनी दिली होती. आमची गोळी एकच, कंपनी एकच, दर महिन्याला तारीखही एकच. मी नवा होतो तेव्हा त्यानंच मला दम भरला होता. “आठ म्हणजे आठ. सव्वाआठ नाही रे. बायकोचा माल आहे आत, खेळ वाटला काय तुला?” त्याच्या मोबाइलवर दोन्ही वेळचा गजर लावलेला असे. त्यानं माझ्याही मोबाइलवर तो लावून दिला.

गेल्या वर्षी त्याची किडनी बंद पडली. तो परत डायलिसिसवर आला आणि महिन्याभरात गेला. शरीरानं नाकारली, असं डॉक्टर म्हणाले. असं होतं कधी कधी, म्हणून मीही गप्प बसलो.

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमानंतर चार दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला. ह्यांच्या गोळ्या राहिल्यात, तुमची तीच ना, टाकवत नाही, येऊन घेऊन जा, असं म्हणाली. मी त्याच दिवशी मुलुंडला गेलो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती.

तिनं पाणी दिलं आणि एक स्टीलचा डबा माझ्यापुढे ठेवला. उघडला तर आत गोळ्या भरपूर होत्या, पण एकही पट्टी अख्खी नव्हती. एकेक गोळी कात्रीनं चौकोनी कापून वेगळी केलेली. मी म्हटलं, दुकानदारानं सुट्या दिल्या असतील.

“विकतच्या नाहीत भाऊ या. वाचवलेल्या आहेत,” ती म्हणाली. “सकाळची माझ्यासमोर घ्यायचे. संध्याकाळची कापून यात टाकत असणार. एखाद्या महिन्यात धंदा झाला नाही तर खंड पडायला नको म्हणून. मला हा डबा ते गेल्यावर सापडला, भांड्यांच्या मागे.”

तीच पुढे बोलत राहिली. गजर रोज वाजायचा, तो उठून आत जायचा, पाणी पिऊन बाहेर यायचा. तिला वाटायचं, घेतली. मग ती डब्याकडे बघून म्हणाली, “माझीच होती ना ती. मला विचारायचं तरी.”

त्या क्षणी मला त्याचा भयंकर राग आला, पण तो टिकला नाही. तो बेफिकीर नव्हता, अडाणी तर मुळीच नव्हता. तांदूळ पुरवून खावा तशी तो किडनी पुरवत होता. चेक देताना हसणाऱ्या, फाइल मिटणाऱ्या, छापील दरापुढे हात जोडून उभं करणाऱ्या सगळ्यांनी मिळून त्याला हा हिशेब शिकवला होता. आणि कागदावर मात्र दोष त्याच्या शरीराचा.

निघताना तिनं विचारलं, “तुम्ही दोन्ही वेळा घेता ना?”

“हो,” मी म्हणालो.

ते खोटं होतं. दिवाळीपासून मी रविवारची संध्याकाळची गोळी घेत नव्हतो. आठवड्यातली एक, तेवढ्यानं काय होतंय, असं स्वतःला समजावत होतो. त्या वाचवलेल्या गोळ्या माझ्या हत्यारांच्या पेटीत होत्या.

घरी पोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. मी त्याच्या डब्यातली एक गोळी सोलून घेतली. ती त्याच्या पोटात जायची होती, हे विसरायचा प्रयत्न केला नाही. मग ताईला फोन लावला आणि सगळं सांगितलं, रविवारचंसुद्धा. मला वाटलं होतं ती शिव्या घालील. तिनं फक्त किती गोळ्या आहेत, ते विचारलं. त्याच्या आणि माझ्या धरून दोन महिने निघतील, असं मी सांगितलं.

“आणि मग?” ताई म्हणाली.

हा प्रश्न तिनं विचारायचा नव्हता. तिचं देऊन झालं आहे.