रेश्माच्या वाटणीची कलेजी

५ डिसेंबर १९९६, गुरुवार. हवा गार. नळाला पाणी उशिरा आलं. वाण्याकडून साबण आणि काड्यापेट्या आणवल्या. मागच्या खोलीतली रेश्मा मधल्या सुट्टीतच शाळेतून परत आली, डोकं धरून पायरीवर बसली आणि तिथेच उलटी केली. सारजाला कामावर निरोप धाडला. उशांचे अभ्रे शिवून आले, दोन मापाला लहान झाले.

ही नोंद बारामतीतल्या ज्या घरमालकिणीच्या वहीतली, तिच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत रेश्माची आई सारजा भाड्याने राहायची. नवरा बिरदेव एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात पाळीवर जाई, सारजा मुलांच्या एका वसतिगृहात भाकऱ्या थापायला. सासर जवळच पिंपळीला, माहेर इंदापूर तालुक्यात अंथुर्ण्याला. दोन्ही घरं पूर्वी मेंढरं राखणारी, आता ऊस लावणारी. रेश्मा एकुलती एक, चौथीत. तिच्या शाळेसाठीच दोघं गाव सोडून इथे आली होती.

निरोप मिळाला तशी सारजा पिठाच्या हातांनीच आली. पायरी कुणीतरी धुऊन टाकली होती. ती रागावली नाही, घाबरलीही नाही. पोरीशेजारी बसली आणि भिंतीला डोकं टेकून तिने डोळे मिटले. उन्हाळ्यापासून हेच चाललं होतं. आधी ऊन लागलं म्हणून कांदा झाला, मग दृष्ट काढून झाली, मग अभ्यासाचा कंटाळा म्हणून दोन धपाटेही घालून झाले. पोर सकाळी उठायची ती डोकं धरूनच. आडवी झाली की ठणका वाढायचा, म्हणून सारजा गोधड्यांची चळत करून तिला टेकून झोपवायची. आता ओठ फुटायचे, कातडी कोरडी पडायची, फणीत केसांचा पुंजका यायचा.

"आये, मला दोन पायऱ्या दिसतात," रेश्मा म्हणाली.

"एकच हाय," सारजा म्हणाली. मग पोर काय बोलली त्याचं तिला भान आलं आणि तिने डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी ती पोरीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी अंधाऱ्या खोलीत बराच वेळ रेश्माच्या डोळ्यांत उजेड धरला. बुबुळामागची नस सुजली आहे, हे चष्म्याचं काम नव्हे, आजच पुण्याला जा, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

चष्मा लागला होता तो आदल्या थंडीत. फळ्यावरचं दिसत नाही असं शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं. नंबर साधाच होता. पण सारजाचे वडील गेणबा अंथुर्ण्याहून आले, नातीचं तोंड पाहिलं आणि ओसरीवरच बसले.

"एवढ्याशा पोरीला ढापणं लावली व्हय रं बिरदेवा?"

"आबा, शाळेत निम्म्या पोरांना हायती."

"निम्म्या पोरांचं मला काय सांगतूस. तरणेपणी मेंढरांमागं कोकणात उतरायचो तवा मला रातांधळं आलं हुतं. दिवस मावळला की काठी धरून चालायचो. माझ्या आयनं बोकडाची कलेजी निखाऱ्यावर भाजून घातली रोज. चांदण्या दिसाया लागल्या परत. हाय का तुमच्या डागदराकडं असलं?"

हे खरंच होतं, आणि गेणबाचं म्हणणं त्यांच्या घरात कुणी कधी खोडलं नव्हतं. मेंढरं गेली तरी त्याने शेळ्या राखल्या होत्या. बारामतीतला खाटीक सर्जेराव त्याची बोकडं घ्यायचा. गेणबाने त्याच्याशी ठरवून टाकलं की बोकडं दुसऱ्या कुणाला घालणार नाही, पण रोज सकाळी एक कलेजी माझ्या नातीची.

तेव्हापासून सारजा कामावर जाण्याआधी दुकानावर जायची. सर्जेराव लांबूनच ओरडायचा, "आल्या बघा, पोरीला डोळस करणाऱ्या! सारजे, पोरगी भिंतीपल्याडचं बघाया लागली की आमच्या म्हाताऱ्यानं पैकं कुठं पुरल्यात ते विचार." सारजा हळद-मीठ लावून तव्यावर कलेजी भाजायची. ती सगळी रेश्माची. बिरदेवाने एकदा तुकड्याला हात घातला तर सारजा म्हणाली, "तुमचं डोळं शाबूत हायती, फुकटचं काय खाता?" सोमवार पाळायचा, बाकी खाडा नाही. पोर नाक मुरडायची, पण आजोबांनी पाठवलेलं म्हणून गिळायची.

श्रावणात दोन्ही घरांत वशाट बंद. त्या महिन्यात रेश्माचं डोकं पुष्कळ उतरलं. गेणबाने बिरोबाला नारळ फोडला. गौरी गेल्या आणि कलेजी पुन्हा सुरू झाली. एवढ्या दिवसांचा खाडा पडला म्हणून गेणबाने वाटणी वाढवली आणि औषधाच्या दुकानातून माशाच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्याही आणून दिल्या. "डोळ्यालाच असत्यात," तो म्हणाला. दिवाळीला ठणका परत आला.

पुण्याच्या मोठ्या इस्पितळात आधी डोक्याचा फोटो काढला. गाठ नाही, असं लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा बिरदेव भिंतीकडे तोंड करून रडला. सारजाला रडूही आलं नाही. गाठ नाही तर मग काय, हे तिला ऐकायचं होतं.

"मेंदूभोवती पाणी असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेच पाठीच्या कण्यातही असतं. त्या पाण्याचा दाब वाढलाय. कण्यातून सुई घालून मोजावा लागेल, थोडं पाणी काढावं लागेल."

"पाठीत सुई?"

"तुम्ही तिला धरा. गुडघे पोटाशी घ्यायला लावा."

सारजाने पोरीला मेंढराच्या पिल्लासारखं मुडपून धरलं. रेश्मा ओरडली नाही, तिने आईच्या दंडाला चावा घेतला. पाणी स्वच्छ होतं, नळाच्या पाण्यासारखं. ते निघाल्यावर थोड्या वेळाने पोर म्हणाली, "आये, गेलं." सारजाला वाटलं, सुटलो. पण दुसऱ्या दिवसापासून उठून बसली की डोकं दुखायला लागायचं आणि आडवी झाली की थांबायचं. "पयलं झोपल्यावर दुखायचं, आता उठल्यावर दुखतंय. माझी पोर ठेवायची कशी, उभी का आडवी?" तिने नर्सला विचारलं. नर्स हसली आणि म्हणाली, सुईमुळे होतं, दोन दिवसांत जाईल. ते गेलंही.

दाब उतरवायच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी बोटांना मुंग्या यायच्या आणि सगळ्याची चव बिघडायची. घरी गेल्यावर गेणबा आला, नातीच्या पाठीवरची टोचल्याची खूण बोटाने चाचपली आणि म्हणाला, "कण्यातलं पाणी काढलं म्हंजी अंगातलं बळच काढलं की. आता दोन येळ घाला."

मग सारजा दोन वेळ घालू लागली.

जानेवारीत डोकं पुन्हा उठलं. पुन्हा पुण्याची एसटी. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी गोगलगाईसारखी चालायची आणि प्रत्येक धक्क्याला पोर कण्हायची. सारजा तिचं डोकं दोन्ही हातांत धरून बसायची. वसतिगृहात खाडे फार झाले होते, तिथे दुसरी बाई आली होती. बिरदेव रजा मिळेना म्हणून गप्प गप्प झाला होता. चुलीपुढे बसल्या बसल्या सारजाला झोप लागायची आणि भाकरी करपायची.

या खेपेला डॉक्टरीणबाई जास्तच गंभीर होत्या. "डाव्या डोळ्याची कड कमी झालीय. बाजूचं तिला दिसत नाही. असंच राहिलं तर पाणी उतरवायला नळी बसवायचं ऑपरेशन करावं लागेल. नाही केलं तर नजर जाईल. गोळ्या वेळेवर देता ना?"

"देते की."

"दुसरं काही औषध?"

"न्हाय."

"खाते काय?"

"भाकरी, भाजी, दूध. कवातरी भात."

सारजा खोटं बोलली नाही. कलेजी तिच्या हिशेबात औषध नव्हती, कारण ती खाटकाकडून यायची आणि तव्यावर भाजायची. जेवणही नव्हती, कारण ताटात वाढायची नाही. पिवळ्या गोळ्याही त्याच मोजणीतल्या. ते सगळं आबांचं होतं. डॉक्टरीणबाईंनी आबा काय देतात असं विचारलं असतं तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

दुसऱ्या सकाळी बिरदेव रात्रपाळी संपवून बारामतीहून डबा घेऊन आला. सारजाने पलंगाशेजारी तो उघडला आणि पोरीच्या तोंडात तुकडा घातला. डॉक्टरीणबाई पलीकडच्या खाटेवरच्या मुलाला तपासत होत्या. वासाने त्या वळल्या.

"काय देताय?"

"कलेजी. डोळ्यास्नी."

"आजच देताय?"

"रोजच. सोमवार सोडून. सकाळ-सांज. आन् शरावणात न्हाय."

डॉक्टरीणबाई खाटेच्या कडेला बसल्या. "श्रावणात डोकं कसं होतं?"

हातातला तुकडा सारजाने डब्यात परत ठेवला. बिरदेवच म्हणाला, "बरं हुतं, बाई. लई बरं हुतं."

मग बाईंनी ओठ पाहिले, केस पाहिले, पिवळ्या गोळ्यांबद्दल विचारून घेतलं. कलेजी वाईट नसते, त्या सावकाश सांगत होत्या. तिच्यात अ जीवनसत्त्व असतं, ज्याच्या अंगात ते कमी आहे त्याला ती लागू पडते. हिच्या अंगात कमी नव्हतं. वर्षभर साठत गेलं, आणि साठलेलं अंग पटकन टाकून देत नाही. त्यानेच पाण्याचा दाब चढलेला असणार. "आता बंद. हळूहळू उतरेल. गेलेली कड किती परत येईल ते मला सांगता येणार नाही."

"मीच घातली," सारजा म्हणाली.

"तुम्ही डोळ्यांसाठीच घातली."

"व्हय. पर घातली मीच."

परतीच्या गाडीत बिरदेव म्हणाला, "म्हाताऱ्याला आता मी सांगतो. चार माणसांत सांगतो. लई शाणपणा करतंय."

"तुमी न्हाय सांगायचं."

"का? बाप हाय म्हणून?"

"तुमी भांडायला जाल. मला भांडायला ताकद न्हाय. मला निस्तं ते बंद करायचं हाय."

पोरीला द्वारकाबाईंकडे, आपल्या सासूकडे, पिंपळीला ठेवून सारजा एकटीच अंथुर्ण्याला गेली. गेणबा शेळ्यांना पाला घालत होता. लेक एकटी आलेली पाहून त्याच्या हातातला पाला तसाच राहिला.

"पोर?"

"बरी हाय. बसा आबा."

तिने सांगितलं. उगाच गोड करून नाही आणि तोडूनही नाही, डॉक्टरीणबाईंनी जसं सांगितलं तसंच. गेणबा ऐकून घेत होता आणि मान हलवत होता, ती नाही म्हणणारी मान.

"कलेजीनं डोळं जात्यात? मग माझं कसं आलं?"

"तुमच्या अंगात नव्हतं, म्हणून लागलं. तिच्या अंगात हुतं, वर आपण भरलं."

"माझी आय अडाणी हुती म्हण की."

"न्हाय म्हणत. तुमच्या आयनं तुमाला बरं केलं. मी माझ्या लेकीला न्हाय केलं."

"तू कशाला, मीच..." म्हातारा थांबला. एक शेळी त्याच्या हातातला पाला ओढून खात होती, त्याने ती हुसकली नाही. "कुठलं दिसत न्हाय तिला?"

"डाव्या अंगाचं. हितं कुणी बसलं तर कळत न्हाय."

"मी डाव्या अंगालाच बसतो नेमका," गेणबा म्हणाला.

सारजा इतकी थकली होती की म्हाताऱ्याने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. त्याने विचारलं, "मग आता काय घालू तिला?"

"काय नको, आबा. काय आणू बी नका."

हे सांगणं तिला आधीच्या सगळ्यापेक्षा जड गेलं.

सर्जेरावाला तिने दुसऱ्या दिवशी कलेजी नको म्हणून सांगितलं. त्याने थट्टेला तोंड उघडलं, पण तिच्याकडे पाहून मिटलं.

डोकं एकदम थांबलं नाही. फेब्रुवारीत एक दिवसाआड, मग कधीतरी. गोळ्या चालूच होत्या, मुंग्या चालूच होत्या, पुण्याच्या खेपा चालूच होत्या. सारजाला दुसरं काम मिळालं, धुण्याभांड्यांचं. नळी बसवायची वेळ येणार नाही, असं डॉक्टरीणबाई मार्चमध्ये म्हणाल्या. नसेची सूज ओसरली होती. डावी कड थोडी आली, सगळी नाही.

गेणबा तोवर आला नव्हता. होळी झाल्यावर एका दुपारी आला. हातात पिशवी नव्हती, टोपीखाली घाम होता. दारातच उभा राहिला, आत यावं की नाही असं.

"या की आबा," सारजा म्हणाली. ती भांडी घासत होती, उठली नाही.

रेश्मा गोधडीवर बसून गणितं करत होती. म्हातारा खोलीला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला गेला आणि बसला.

"दिसलो का?"

"दिसला की. तुमच्या हातात काय न्हाय आज?"

"न्हाय."

"बरं झालं," पोर म्हणाली आणि पुन्हा गणिताकडे वळली.

म्हाताऱ्याने रिकामे हात मांडीवर ठेवले. काय करावं ते त्याला कळेना. मग त्याने नातीचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि तळवा चोळू लागला. संध्याकाळ झाली तरी तो उठला नाही. शेवटची एसटी गेली, आणि सारजाने त्याच्यासाठी अंथरूण घातलं.

त्या संध्याकाळी घरमालकिणीने वहीत लिहिलं ते एवढंच: मागच्या खोलीत पाहुणा राहिला, उद्यासाठी दूध अर्धा लिटर जास्त सांगितलं.