सतरा दिवस तोच आकडा

माझी धाकटी बहीण यामिनी व्होल्टा नदीच्या खोऱ्यातला दुष्काळ मोजते. नदी तिकडे पश्चिम आफ्रिकेत आणि यामिनी इथे अमेरिकेत, आयसेलिनला, माझ्या बेसमेंटमध्ये. अख्ख्या ओक ट्री रोडवर दाखवा अशी दुसरी मुलगी! मी दहावी. किराणा दुकानात पोती उचलतो. पण तिला इथवर आणली मी.

तिकडे नदीकाठी आकड्यांची पट्टी रोवलेली असते. पाणी कुठवर आलं ते एक माणूस रोज वहीत लिहितो. तसल्या चाळीस वर्षांच्या वह्या हिने चार वर्षं बसून कॉम्प्युटरमध्ये भरल्या. चष्म्याचा नंबर दोनदा वाढला. शुक्रवारी पीएचडीचा थीसिस द्यायचा होता.

त्या रविवारी दुपारी ड्यूटीवरून आलो, तर ही टेबलावर डोकं टेकून बसलेली. कागद पसरलेले. मी एक उचलला.

"दादा, ठेव ते. तुला नाही कळणार."

"मला? गावच्या तलावाची पट्टी दोन वर्षं कोणी वाचली?"

"तूच रे बाबा. चहा टाक."

चहा राहिला. कागदावर सतरा दिवस ओळीने एकच आकडा होता.

"यामे, हे पाऊस संपल्यानंतरचं ना? तेव्हा पाणी रोज उतरतं. हा माणूस नदीवर गेलाच नाही."

"कशावरून?"

आता सांगणं भाग होतं. "मला कावीळ झाली होती ना, तेव्हा मीही असंच लिहिलं. घरी पडून. नोकरी जाऊ नये म्हणून."

ती वह्या चाळायला लागली. संध्याकाळपर्यंत त्याच पट्टीची अशी आणखी चार वर्षं सापडली.

"दादा, आकडा उतरला नाही म्हणून याच वर्षांबद्दल मी लिहिलंय की पाणी पुरलं. दुष्काळ नव्हता. हे वाचून उद्या तिथल्या लोकांना मदत नाकारतील."

"तसाच दे. कोण बघतंय एवढं?"

"तू बघितलंस ना."

तिने सरांना मेल केला, थीसिस थांबवला. म्हणजे आणखी सहा महिने तरी लागणार. मग खुर्चीतच झोपली.

सोमवारी तिने पहिली वही परत उघडली. ताट मीच खाली नेऊन देतो. दुकानात विचारतात, बहीण डॉक्टर झाली का? मी म्हणतो, होईल. आकडे परत तपासतेय. चूक तिच्या भावाने पकडली, हेही सांगतो. कावीळ तेवढी सांगत नाही.