बोलके जंतू आणि मॅडमचं रक्त

जंतूंवर काम करणाऱ्याकडे किस्से जंतूंसारखेच वाढतात. झाकण लावून जरा उबेत ठेवले, की दुसऱ्या दिवशी भांडं भरलेलं! दोन हजार सालाच्या आसपास धारवाडच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही तिघं होतो: कामत मॅडम, माझ्याबरोबर पीएच.डी. करणारा बसवराज ऊर्फ बसू, आणि मी. विषय एकच. अंगात शिरलेले जंतू एकमेकांशी बोलतात, आणि आपलं रक्त त्या बोलण्यात काय ढवळाढवळ करतं? एवढ्या भांडवलावर आम्ही कितीतरी वर्षं हसलो.

*

मिरजेचे पाहुणे मला बघायला आमच्या हुबळीच्या घरी आले होते. मुलाच्या मामांनी विचारलं, "मुलगी काय शिकते?"

मी उत्साहानं सांगितलं, "जंतू थोडे असले की गुपचूप राहतात. पण रसायनं सोडून सारखा अंदाज घेतात, आपले किती जमले? पुरेसे जमले, की सगळे मिळून हल्ला!"

माझ्या अप्पांचं, म्हणजे वडिलांचं, दुर्गदबैलच्या बाजारात कापडाचं दुकान. माणूस कमी बोलणारा. त्यांनी खोलीभर पसरलेल्या पाहुण्यांकडे बघितलं, मग चकल्यांच्या रिकाम्या ताटाकडे.

"अगदी खरं आहे हो!" अप्पा म्हणाले.

स्थळ गेलं.

*

प्रयोगाला मेंढीचं रक्त लागायचं. धारवाडजवळच्या रायापूरला एका ओळखीच्यांच्या मेंढ्या होत्या. जनावरांचे डॉक्टर मानेतून थोडं रक्त काढून माझ्या बाटलीत द्यायचे. ते गोठू नये म्हणून बाटलीत काचेचे मणी, आणि बाटली सारखी हलवत राहायची! एकदा बस लगेच आली, म्हणून हलवत हलवतच चढले.

शेजारच्या सीटवरचे म्हातारे अज्जा बराच वेळ बघत होते. "एन तंगी, मज्जिगी एनु? ताक घुसळतेस का गं? लोणी आलं की सांग!"

तेवढ्यात ड्रायव्हरनं ब्रेक मारला. बूच उडालं. माझा हात कोपरापर्यंत लाल!

बसमध्ये एकच आरडाओरडा. ड्रायव्हर बिचारा देवमाणूस. एकही स्टॉप न घेता बस थेट दवाखान्याच्या दारात! चौघांनी मला उचलून आत नेलं. मी "अहो, ऐका तरी" म्हणतेय, कोण ऐकतंय?

डॉक्टर धावत आले. "जखम कुठंय?"

"रायापूरला," मी म्हटलं. "मेंढीच्या मानेला."

*

आमचा एक लाडका जंतू होता. आपसात बोलणं जुळलं की जांभळा व्हायचा. बोलणं तुटलं, की पांढराच राहायचा. तो ज्या जेलीवर वाढायचा, त्या प्लेटमधल्या जेलीत आम्ही भोक पाडून सीरम घातलं. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहतं ते पिवळसर पाणी. दुसऱ्या दिवशी बघतो तर भोकाभोवती पांढरं कडं! जंतू जिवंत, पण गप्प! सीरममधलं काहीतरी त्यांचे निरोप वाटेतच तोडत होतं. आम्ही लॅबभर नाचलो.

मग चढाओढ लागली, कुणाचं रक्त जास्त गप्प करतं? तिघांनीही रक्त दिलं. बसूचं कडं टिकलीएवढं. माझं बांगडीएवढं. मॅडमचं म्हणाल, तर जवळजवळ सगळी प्लेट पांढरीफटक!

"ह्यात नवल काय री?" बसू म्हणाला. "त्या आल्या की आपणपण गप्पच होतो की!"

मॅडम मागेच उभ्या होत्या. पुढचा आठवडाभर पांढरा होता तो बसू.

*

पण रक्त नेहमी आपल्या बाजूचं नसतं. लाल पेशी फुटल्या की त्यातलं लोह खाऊन काही जंतू आणखी माजतात. एका सेमिनारमध्ये एक सर्जन वैतागले. "मॅडम, एकदा काय ते सांगा. रक्त आपलं की जंतूंचं?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "रक्ताचं नातं आहे डॉक्टर. वेळेवर काय करेल, सांगता येत नाही!"

*

एका वर्षी अप्पांच्या मानेवर काळपुळी उठली. ताप चढला, ऑपरेशन झालं. त्या दिवसांत माझं हसू पळालं होतं. हेच जंतू मी रोज प्लेटमध्ये कौतुकानं वाढवायचे!

अप्पा बरे झाले आणि म्हणाले, "मला त्यांना बघायचंय."

त्यांच्याच पुवातले जंतू आम्ही वाढवले होते. मेंढीच्या रक्ताच्या लाल प्लेटवर प्रत्येक ठिपक्याभोवती स्वच्छ कडं. म्हणजे जंतूंनी विष सोडून तिथलं रक्त विरघळवलेलं.

"बोलून ठरवून करतात हे?" अप्पांनी विचारलं. "कुठल्या भाषेत?"

बसू म्हणाला, "अप्पा, इथलेच जंतू. मराठी, कन्नड दोन्ही येतात."

मी तेच जंतू रक्ताच्या नव्या प्लेटवर लावून झाकण ठेवत होते. अप्पांनी मला थांबवलं. टोपी सारखी केली, हात मागे बांधले आणि थोड्या अंतरावरून सावकाश म्हणाले, "दुकान बंद झालं. सगळे घरी जा." मग तेच कन्नडमध्ये, जरा चढ्या आवाजात, "अंगडी बंद आतु. एल्लारू मनीगी होग्री!"

दुसऱ्या दिवशी प्लेट उघडली. जंतू भरपूर वाढले होते. पण कडं? एकाभोवतीही नाही!

बसूनं प्लेटला हात जोडले. मॅडमनी ती उजेडात धरली, उलटी करून बघितली, चष्मा पुसून पुन्हा बघितली.

"अप्पांना उद्या परत बोलवा," त्या म्हणाल्या. "तीनदा तरी करून बघायला हवं."