प्रोसेसमध्ये असलेली बाई

कारखान्यात तिला सगळे नकाशेताई म्हणत. पाईपांचे नकाशे काढणं हे तिचं काम. सतरा वर्षांत नऊ कारखाने पालथे घातले, पण एकाही ठिकाणी तिचं नाव कायमच्या हजेरीपटावर चढलं नाही. जायची ती नेहमी कंत्राटावर, कुठल्या ना कुठल्या एजन्सीमार्फत. काम संपलं की टेप, हेल्मेट आणि डबा पिशवीत भरायचा आणि पुढचं फाटक गाठायचं. त्याचं तिला फारसं काही वाटत नसे. एक खोड मात्र होती: जुन्या नकाशावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. कागदावर पाईप सरळ गेलेला दिसला, तरी ती शिडीवर चढून, भिंतीपलीकडे डोकावून, हाताने चाचपून खात्री करून घ्यायची. "पाईपाला कुठे वाचता येतं? तो त्याला सोयीचं असेल तिथून जातो," असं म्हणायची.

दूध पावडरच्या कारखान्यात ती नऊ महिने होती. काम अर्ध्यावर आलं आणि कंत्राटाची मुदत संपली. तिथले साहेब मिशा पिकलेले, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. ते म्हणाले, चार दिवस घरी बसा, नवीन कंत्राट येतंच आहे. चार दिवसांचे पाच आठवडे झाले.

कंत्राट येणार होतं एजन्सीच्या माणसाकडून. त्याला तिने कधी पाहिलेलं नव्हतं. तो म्हणजे फोनमधला एक गोड, घाईतला आवाज. काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "मॅडम, तुमचं प्रोसेसमध्ये आहे." घरात त्याचं नावच प्रोसेसवाला पडलं. नवरा शाळेची बस चालवायचा. दुपारी जेवायला आला की हात पुसत विचारायचा, "काय गं, शिजलं का प्रोसेस?" सुरुवातीला ती हसायची. मग नुसतीच ताट वाढायची, आणि पुढे त्यानेही विचारणं सोडलं.

मधल्या काळात प्रोसेसवाल्याने तिच्याकडून बायोडेटा दोनदा मागून घेतला, दुसऱ्यांदा त्यांच्या स्वतःच्या साच्यात. मग पांढऱ्या भिंतीपुढचा फोटो. मग तिच्या कामाची खात्री देऊ शकतील अशा तीन जुन्या साहेबांची नावं आणि नंबर. तिने विश्वासाने दिले. आठवड्याभराने त्यांतल्या एकांचा फोन आला. कागद कारखान्यातल्या या साहेबांनीच तिला हातात टेप देऊन पहिल्यांदा शिडीवर चढवलं होतं.

"तुझ्याबद्दल त्याने एक अक्षर विचारलं नाही," ते म्हणाले. "फिटर पाहिजेत का, वेल्डर पाहिजेत का, हेच. तीनदा फोन. माझा नंबर तू वाटत फिरतेस का आता?"

तिने माफी मागितली. ते बरं म्हणाले, पण फोन ठेवताना घरच्यांची चौकशी केली नाही. दर वेळी करायचे.

त्यानंतर दोनच दिवसांनी दूध पावडरवाल्या साहेबांनी स्वतः फोन केला. वरून मंजुरी आली होती. त्यांना नकाशे काढणारं माणूस आता कंत्राटावर नको होतं, कायमचं हवं होतं, आणि त्यांनी तिचंच नाव दिलं होतं. सतरा वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं. तिने उभ्याउभ्याच हो म्हटलं आणि मग खाटेवर बसली.

तेवढ्यात तिला करार आठवला. कपाटातून काढून वाचायला घेतला. बारा पानं, प्रत्येक पानाखाली तिचीच सही. नवव्या पानावर लिहिलं होतं की मुदत संपल्यापासून एक वर्ष तिला त्या कारखान्यात एजन्सीखेरीज कुठल्याही मार्गाने काम करता येणार नाही. सही करताना तिने हे वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं, कारण कायमची नोकरी आपल्याला कोण देणार? तिने हे कळवल्यावर साहेबांनी चौकशी केली. कारखान्याच्या कार्यालयाचं म्हणणं पडलं की एजन्सीने हरकत नसल्याचं पत्र दिलं तर उद्या घेऊ.

प्रोसेसवाला म्हणाला, "पत्र कशाला मॅडम? तुमचं नवीन कंत्राटच प्रोसेसमध्ये आहे."

पण साहेबांकडे नवीन कंत्राटाचा कागदसुद्धा पोचला नव्हता. कारखाना आणि एजन्सी यांच्यात दरावरून ओढाताण चालली होती, आणि त्या ओढाताणीतली दोरी होती ती. दोन्ही टोकांना माणसं उभी, आणि दोरीला विचारतो कोण. शेवटी एका सकाळी नवऱ्याने मुलांना शाळेत सोडलं आणि रिकामी बस एजन्सीच्या इमारतीपुढे आणून उभी केली. "जा, जाऊन ये. मी इथेच आहे," म्हणाला.

तिसऱ्या मजल्यावर एक लांब खोली होती. पंधरा-वीस टेबलं, आणि प्रत्येकाच्या कानाला यंत्र. सगळ्यांचे आवाज एकमेकांत मिसळून भट्टीसारखी घरघर चालू होती. प्रोसेसवाला निघाला चाळिशीचा, टक्कल पडलेला, डोळ्यांखाली काळं. तिला बघून तो गडबडला. खुर्ची दिली, पाणी मागवलं. पत्राचं मुख्य कार्यालयाला विचारावं लागेल म्हणाला. बोलता बोलता त्याने तिची माहिती पडद्यावर उघडली, आणि तिथे तिला स्वतःचा बायोडेटा दिसला.

वर एजन्सीचं चिन्ह होतं. तिचा फोन नंबर काढून टाकला होता. खाली एक ओळ होती: वेल्डिंग तपासणीचं प्रमाणपत्र, सहा वर्षांचा अनुभव.

"हे मी लिहिलेलं नाही," ती म्हणाली.

"ते घालावं लागतं मॅडम. त्याशिवाय कंपन्या उघडून बघत नाहीत. सगळ्यांचं घालतो."

"मला वेल्डिंग तपासता येत नाही."

"कोण विचारतंय?"

मोजल्याशिवाय तिने आजवर कागदावर एक रेघ ओढली नव्हती, आणि इथे तिच्या नावाखाली कुणाच्या तरी बॉयलरच्या सांध्यांची हमी लिहून ठेवली होती. ती म्हणाली की ही ओळ आत्ता, माझ्यासमोर पुसा. आवाज चढवला नाही, पण उठलीही नाही. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि ओळ पुसली. मग तिने विचारलं, किती ठिकाणी गेलाय हा कागद? त्याने मोजून सांगितलं, अकरा. त्या अकरा ठिकाणांची नावं सांगता येणार नाहीत, गोपनीय असतात, हेही सांगितलं.

पत्राचं काय, या प्रश्नावर तो पहिल्यांदाच खरं बोलला. "पत्र नाही मिळणार मॅडम. तुम्हाला सोडलं, तर उद्या सगळेच सुटायला मागतील. माझ्या हातात काही नाही."

खाली आल्यावर नवऱ्याने बसचं दार उघडलं. छोट्या सीटवर गुडघे दुमडून ती बसून राहिली, आणि बस पुन्हा शाळेकडे निघाली.

साहेबांना वर्षभर थांबणं शक्य नव्हतं. पुढच्या महिन्यात कारखाना दुरुस्तीसाठी बंद राहणार होता आणि नकाशे त्याआधी हवे होते. अखेर दर ठरला, आणि पत्र मागणारी बाई नको म्हणून त्याच एजन्सीने तिच्याऐवजी दुसरा माणूस पाठवला. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्या माणसाचाच तिला फोन आला. साहेबांकडून नंबर घेतला होता. जरा चाचरतच म्हणाला, "ताई, तुमचे नकाशे अर्धे आहेत. दूध सुकवायच्या मनोऱ्यामागे काय आहे, कळत नाही. जुन्या कागदावर तिथे नुसती भिंत आहे."

तिथे नुसती भिंत नव्हती. भिंतीत दडवलेला एक व्हॉल्व्ह होता, टाक्या धुण्याच्या कॉस्टिक सोड्याचा. तो बंद न करता कुणी पुढचा पाईप कापला असता, तर अंगाची कातडी सोलून निघाली असती. तो तिला सापडला होता, पण कागदावर उतरवायच्या आत तिची मुदत संपली होती.

सांगायचं नाही असं एकदा मनात येऊन गेलं, पण क्षणभरच. तिने त्याला कागद-पेन्सिल घ्यायला लावली, मनोऱ्याच्या पायापासून किती पावलं, किती उंचीवर, कुठल्या हाताला, सगळं सांगितलं. मग परत म्हणून दाखवायला लावलं. तासभर गेला. शेवटी त्याने विचारलं, "तुम्हीच का नाही येत एकदा? तासाभरात दाखवाल."

"मला तिथे यायला मनाई आहे."

तो हसला. त्याला वाटलं, चेष्टा करतेय.

दुरुस्ती सुरळीत पार पडली, असं साहेबांनी नंतर कळवलं. तोवर ती दुसऱ्या एका एजन्सीच्या कार्यालयात जाऊन आली होती. इथल्या बाईंनी चौदा पानं पुढे केली. या वेळी तिने प्रत्येक ओळ वाचली. अकराव्या पानावर ते कलम होतंच, फक्त एका वर्षाचं दीड वर्ष झालं होतं. हे काढता येईल का, तिने विचारलं. साचा ठरलेला असतो, बाई म्हणाल्या. कारखाना कुठला ते तरी सांगा, असं म्हटलं तर बाई म्हणाल्या, सही झाल्यावर कळवू.

तिने पेन उचललं, एकदा खाली ठेवलं. मग पहिल्या पानापासून सह्या करायला लागली.