हिरव्यात पहिला हात

ठाकुर्लीच्या त्या बिल्डिंगमध्ये तुळसाकाकीबद्दल एक गोष्ट पक्की ठरलेली होती: काकी माशांच्या खाद्याच्या बरण्यांवर मंत्र टाकते. रोज सकाळी पदर खोचून तळमजल्याच्या गॅलरीत उभी राहते, ओठ हलवते आणि मगच बरणीला हात लावते. दुसऱ्या कुणाला लावू देत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या सरोजमावशी तर आवाज खाली आणून सांगायच्या, "अगं, भगत आहे त्यांच्या ओळखीचा. नाहीतर माशांचं खाद्य असं बारा महिने जिवंत राहतं होय?"

तिसऱ्या मजल्यावरच्या रुचिताला हे मनापासून पटलं होतं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं. समोरच्याकडे मंत्र असला की आपली हार ही हार राहत नाही.

रुचिता अकरावीत. नकलांमध्ये तिचा हात कोणी धरायचा नाही. सेक्रेटरींचं "नोटीस वाचली का, नोटीस?" ती असं करायची की खुद्द सेक्रेटरी जिन्यात थबकायचे. पण गेल्या दिवाळीपासून तिला फायटर माशांचा नाद लागला आणि तिथे नक्कल चालेना. फायटरची पिल्लं डोळ्याला जेमतेम दिसतील एवढी. त्यांना जिवंतच खाणं लागतं: पाण्यात उड्या मारणारे ठिपक्याएवढे लालसर जीव, ज्यांना मोइना म्हणतात, आणि थोडी मोठी झाली की ओट्सवर वाढवलेले पांढरे किडे. मोइनाला स्वतःला जगायला शेवाळाचं हिरवं पाणी हवं. रुचिताने तिन्ही बरण्या बाल्कनीत मांडल्या. दोन आठवड्यांत हिरव्याचं नुसतं पाणी झालं, मोइना उपाशी मेले, किड्यांच्या बरणीत भलतंच काहीतरी वळवळायला लागलं, आणि साठातली अकरा पिल्लं उरली.

आणि खाली काकीच्या बरण्या हिरव्या म्हणजे कशा, पोपटाने लाजावं. रविवारी टिटवाळ्याहून, आंबिवलीहून माणसं खाद्य विकत न्यायला पिशव्या घेऊन यायची. रुचिताचे बाबा विनीत, ज्यांनी मुलीच्या नव्वद टक्क्यांनाही "बरे आहेत" म्हटलं होतं, ते जेवताना म्हणाले, "काकींकडून शिक जरा. अनुभव असतो एकेकाचा." रुचिताचा घास तिथेच फिरला.

शेवटी मंत्र तरी चोरावा म्हणून एका सकाळी ती गॅलरीच्या कठड्याला टेकून कान लावून उभी राहिली. तिचा कान काही चुकायचा नाही. काकी पुटपुटत होती, "हिरवा, लाल, पांढरा. हिरवा, लाल, पांढरा."

बस्स. भगत नाही, देव नाही. कुठल्या बरणीत आधी हात घालायचा त्याचा क्रम.

"हे एवढंच?" रुचिताच्या तोंडून गेलंच.

"एवराच," काकी मागे न बघता म्हणाली. "हिरव्यान लालचा एक पिल्लू परला ना गो, त आठ-धा दिसान हिरवा खाऊन मोकला. लालमंदी हिरवा परला त काय, त्याचा जेवानच ते. म्हनून पैला हिरवा."

काकीचं माहेर खाडीकाठचं, बापाचं मिठागर. लहानपणी ती बांधावर बसून राखण करायची. भरतीचं पाणी एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात सोडायचं, पण मागे म्हणून येऊ द्यायचं नाही. आलं की महिन्याचं मीठ वाया. नवऱ्यामागे एकटी राहिली, जमीन जाऊन बिल्डिंग आली, मुलाने हौसेने आणलेली माशांची टाकी तिच्या गळ्यात पडली, तेव्हा मिठागराची ती शिस्त तिने बरण्यांना लावली. प्रत्येक बरणीचं डावलं, म्हणजे लांब दांड्याची पळी, वेगळं, त्याला वेगळ्या रंगाचा दोरा. दोन बरण्यांत हातभर अंतर, तोंडाला फडकं, म्हणजे एकीचा शिंतोडा दुसरीत नको. एकीतून दुसरीकडे जाताना साबणाने हात, मग पंच्याने कोरडे. काम झालं की डावल्यांवर उकळतं पाणी. आणि बाहेर काढलेलं पाणी, थेंबभर का उरेना, परत बरणीत नाही.

रुचिताचं नेमकं इथेच चुकलं होतं. तिच्या घरी उरलेलं टाकणं पाप. पिल्लांना घालून वाटीत राहिलेलं ती इमानाने परत ओतायची, एकाच चमच्याने, तिन्हीकडे. हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं, आणि म्हणूनच तिचा जास्त जळफळाट झाला. कळण्यासारखं सोपं होतं हेच तिला सहन होईना.

"नशीब आहे हो काकी सगळं," ती म्हणाली. "तुमचीपण बिघडेल एक दिवस."

"बिगरल ना. नाय कोन बोलतंय?"

"मग त्या रविवारी गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाणार."

"ते मातर नाय व्हायचा."

तिथेच पैज लागली. गणपती येईपर्यंत एकाही रविवारी कोणी रिकाम्या हाताने परत गेलं, तर फाटकावर टांगलेल्या खाद्यविक्रीच्या पुठ्ठ्यावर काकी आपलं नाव खोडून रुचिताचं लिहिणार. नाहीतर रुचिताने काकीची नक्कल करायची, काकीच्या तोंडावर. सगळ्या बिल्डिंगच्या नकला तिने केल्या होत्या, पण पाठीमागे. तोंडावर एकही नाही. तरी ती हो म्हणाली.

पुढच्या बुधवारी काकी बाजारात गेलेली. रुचिता स्वतःच्या पिल्लांना दुकानातून आणलेले मोइना भरवून खाली आली ती ड्रॉपर हातात घेऊनच. काकी हिरव्यात काहीतरी टाकत असणारच, असं अजून तिच्या मनात होतं. थेंबभर पाणी न्यायचं, मोबाईलला भिंग लावून बघायचं. फडकं वर केलं, ड्रॉपर बुडवला, दाबला, ओढला. जिना चढताना तिच्या लक्षात आलं की ड्रॉपर धुतलेला नव्हता. पहिल्या दाबाला त्यातले मोइना काकीच्या हिरव्यात गेले असणार.

सांगावं का? तिने स्वतःला समजावलं की दोनचार तर असतील. भिंगाखाली शेवाळाशिवाय काही दिसलं नाही.

पहिला रविवार निभावला. त्यानंतरच्या शुक्रवारी हिरवं पोपटीवर आलं, शनिवारी सरबतावर, आणि संध्याकाळी बरणीच्या आरपार खिडकीचे गज दिसायला लागले. रुचिताला आनंद झाला, हे लिहायला हवं. पाठोपाठ लाज आली, पण आनंद आधी. त्या रात्री तिने पुठ्ठ्यावर आपलं नाव कसं दिसेल ते वहीच्या मागच्या पानावर लिहून बघितलं.

रविवारी ती फाटकापाशी तासभर आधी हजर. टिटवाळ्याचे प्रफुल्ल सर आले, एका वाक्यात तीनदा "ॲक्चुअली" म्हणणारे. "ॲक्चुअली मला आज हिरवंच न्यायचंय काकी, ॲक्चुअली लहान मुलीने टाकी केलीय."

"बसा. येतेय."

कोण येतेय ते दहा मिनिटांत कळलं. काकीची लेक कल्पिता रिक्षातून उतरली, मांडीवर धरून आणलेली हिरवीगार बरणी घेऊन. आंबिवलीला तिच्या घरी एक, आणि डोंबिवलीला काकीच्या बहिणीकडे एक, अशा दोन बरण्या काकीने ठेवलेल्या, जसं शेजारी विरजण देऊन ठेवतात तसं. आपलं नासलं तर मागून आणायचं. बिघडलेली बरणी त्या सकाळीच उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात उपडी घातली होती.

सर पिशवी भरून गेले. त्यांच्यामागून आलेले दोघेही भरून गेले. काकी हात पुसत रुचिताजवळ आली.

"हिरव्यान लाल कसा गेला, सांगू?"

रुचिताने उन्हात उपड्या घातलेल्या बरणीकडे बघितलं.

"मी सकालशी पैला हात हिरव्यान घालतंय. तवा हात कोरा असतंय. माज्या हाताचा लाल हिरव्यान जाईलच कसा?" काकीचा आवाज चढला नव्हता. "म्हनजे दुसरा हात हाय."

"ड्रॉपर होता," रुचिता म्हणाली. "धुतला नव्हता. मला वाटलं तुम्ही काहीतरी घालता."

"काय सापरला?"

"काहीच नाही."

"मग कर," काकी ओट्यावर बसत म्हणाली. "नक्कल. गनपतीची वाट कशाला बगाची?"

कल्पिता थांबली, सरोजमावशी खिडकीत आल्या. रुचिताने ओढणी पदरासारखी खोचली, कमरेवर हात ठेवला, काकीची डाव्या पायावर झुकलेली चाल चालली आणि ओठ हलवले. "हिरवा, लाल, पांढरा." आवाज असा हुबेहूब उतरला की कल्पिताने आईकडे बघितलं. हवेतच हिरव्याचं फडकं वर, डावलं आत, हात साबणाने, मग लालचं फडकं.

काकी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग पदराने डोळे टिपले.

"समदा माजाच हाय गो," ती म्हणाली. "पन मधी हात नाय सुकवलेस. परत कर, पैल्यापासून."